वाचकांचे प्रश्न : एकाच रुग्णाच्या तीन नोंदी

प्रश्न : मी सार्वजनिक आरोग्य या विषयात पीएच.डी. करीत आहे. मधुमेहाच्या रुग्णांविषयी माझ्याकडे रुग्णालयातील केसपेपर, दोन लॅबचे अहवाल आणि घरोघरी जाऊन भरून घेतलेल्या प्रश्नावल्या अशी तीन प्रकारची माहिती आहे. ती एकाच तक्त्यात आणण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे?
(संशोधक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : सॉफ्टवेअरचा विचार सर्वांत शेवटी करावा. त्याआधी प्रत्येक नोंद कोणी, केव्हा आणि कशासाठी केली, हे लिहून काढावे. केसपेपर उपचारासाठी लिहिला जातो. त्यात तंबाखूचा उल्लेख नसेल, तर कदाचित कोणी विचारलेच नसेल. प्रश्नावलीत तोच प्रश्न प्रत्येकाला विचारलेला असल्यामुळे तेथील 'नाही' हे खरेखुरे उत्तर असते. म्हणून 'नाही' आणि 'नोंद नाही' यांना कटाक्षाने वेगळे संकेतांक द्यावेत.

लॅबच्या अहवालांत साखर उपाशीपोटीची की जेवणानंतरची, हे आधी पाहावे. परदेशातील माहिती जोडायची झाल्यास एककेही तपासावीत, कारण आपल्याकडील १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ब्रिटनमधील ७ मिलिमोल प्रति लिटर.

खरी कसोटी माणसे जुळवताना लागते. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक रहिवाशाला एक क्रमांक मिळतो आणि सर्व सरकारी नोंदींत तोच वापरला जातो. त्याच्याच आधारे तेथील संशोधकांनी ५,३७,३०३ मुलांच्या लसीकरणाच्या आणि निदानाच्या नोंदी जोडल्या आणि गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लसीमुळे स्वमग्नतेचा धोका वाढत नसल्याचे २००२ मध्ये दाखवून दिले. आपल्या कागदांवर असा समान क्रमांक क्वचितच सापडतो. एकाच बाईच्या केसपेपरवर सासरचे आडनाव असते, जुन्या अहवालावर माहेरचे असते आणि वय दोन्हीकडे अंदाजाने ४५ किंवा ५० लिहिलेले असते. शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख लावलेली माणसे तर आपल्याकडे गावोगाव आहेत.

अशा वेळी नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळण्याचा आग्रह धरला, तर लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रिया तक्त्यातून मोठ्या प्रमाणात गळतात आणि मधुमेहाचे जे चित्र उरते ते प्रामुख्याने पुरुषांचे असते. संख्या कमी होण्यापेक्षा हे नुकसान मला अधिक गंभीर वाटते, कारण निष्कर्षाकडे पाहून ते कोणाच्या लक्षातही येत नाही. यावर संभाव्यतेने जुळणी करण्याची पद्धत उपयोगी पडते. फेलेगी आणि सन्टर या संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये तिची गणिती मांडणी केली. तिच्यात विरळा आडनाव जुळले तर जास्त गुण मिळतात, 'पाटील' किंवा 'जाधव' जुळले तर कमी. १ जून ही तारीख जुळल्यालाही फारसे गुण देऊ नयेत. एकूण गुण ना फार जास्त ना फार कमी अशा मधल्या, संशयास्पद जोड्या मूळ कागद समोर ठेवून स्वतः तपासाव्यात. न जुळलेल्या रुग्णांचे वय, लिंग आणि गाव जुळलेल्यांशी ताडून पाहावे आणि तो तक्ता प्रबंधात अवश्य द्यावा.

जुळणीसाठी नावे लागतात, विश्लेषणासाठी लागत नाहीत. त्यामुळे नैतिकता समितीची परवानगी घेतल्यावर नावांची यादी वेगळी आणि कुलूपबंद ठेवावी.

प्रश्न : दोन प्रयोगांतील जनुकांच्या याद्या जोडताना काही जनुकांच्या जागी तारखा आल्या आहेत. असे का व्हावे?
(जैवतंत्रज्ञानाचा विद्यार्थी, पणजी)

उत्तर : 'मार्च१' किंवा 'सेप्ट१' यांसारखी इंग्रजी नावे एक्सेल तारीख समजून बदलते. २०१६ मधील एका पाहणीत, एक्सेलमधील जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांशांत अशा चुका आढळल्या होत्या. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने ही नावेच बदलली, तरी जुन्या याद्यांत ती अजून आहेत. म्हणून फाइल उघडताना तो स्तंभ मजकूर म्हणून घ्यावा आणि जोडणी नावावर न करता एन्सेम्बलसारख्या जनुक-माहितीकोशातील स्थिर क्रमांकावर करावी. यादीत गुणसूत्रांवरील स्थानेही असतील, तर ती मानवी जीनोमच्या (संपूर्ण जनुकीय आराखड्याच्या) ३७व्या आवृत्तीनुसार आहेत की ३८व्या, हे जोडण्यापूर्वी पाहावे, कारण एकाच जनुकाचे स्थान दोन्हींत सहसा वेगळे असते.