वाचकांचे प्रश्न: मतदानाच्या तोंडावरचा तह

या वेळी कोकणातून आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच होता: युद्ध चालू असताना होणाऱ्या वाटाघाटी आणि घरातली निवडणूक. त्यातले पाच प्रश्न निवडले आहेत.

१९६८ साली निक्सन यांनी निवडणूक जिंकण्यासाठी व्हिएतनामची शांतता हाणून पाडली, असे वाचले. हे कितपत खरे? (शिक्षक, दापोली)

यात दोन प्रश्न मिसळलेले आहेत, ते आधी वेगळे करू. रिपब्लिकन उमेदवार निक्सन यांनी अडथळा आणण्याचा प्रयत्न केला का? याला आता कागदोपत्री आधार आहे. त्या प्रयत्नामुळेच शांतता हुकली का? हे सिद्ध झालेले नाही.

मार्च १९६८च्या अखेरीस डेमोक्रॅट अध्यक्ष जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामच्या मोठ्या भागावरचे बॉम्बहल्ले थांबवले आणि आपण पुन्हा उभे राहणार नाही असे सांगितले. मे महिन्यात पॅरिसला बोलणी सुरू झाली. पाच महिने ती एकाच मुद्द्यावर अडून होती. हनोईला, म्हणजे उत्तर व्हिएतनामला, बॉम्बफेक पूर्ण बंद हवी होती, तर वॉशिंग्टनला सायगावचे, म्हणजे दक्षिण व्हिएतनामचे, सरकार टेबलाशी बसलेले हवे होते. ऑक्टोबरात तोड निघाली. बैठकीत फक्त ‘आमची बाजू’ आणि ‘तुमची बाजू’ असतील, कोणत्या बाजूला कोण बसले आहे याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. ३१ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी बॉम्बफेक पूर्ण थांबवल्याचे जाहीर केले. मतदान ५ नोव्हेंबरला होते. मधेच, २ नोव्हेंबरला, दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थिउ यांनी आपण या बैठकीला येणार नाही असे सांगून टाकले.

निक्सन यांच्या प्रचाराशी संबंधित ॲना शेनॉल्ट या काळात सायगावचे राजदूत बुई दिएम यांच्या संपर्कात होत्या. थांबा, आमच्याकडून तुम्हाला अधिक चांगले मिळेल, असा निरोपाचा आशय होता. जॉन्सन यांना हे फोनवरच्या पाळतीतून आणि सायगावच्या वकिलातीच्या पकडलेल्या तारांतून कळले. याला देशद्रोह म्हणावे लागेल, असे ते सिनेटर डर्कसन यांना फोनवर म्हणाले. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. निक्सन यांचे सहकारी हॉल्डमन यांची २२ ऑक्टोबर १९६८ची टिपणे अलीकडे अभ्यासकांच्या हाती लागली. ॲना शेनॉल्ट यांना कामाला लावून ठेवा, अशी निक्सन यांची सूचना त्यांत नोंदवलेली आहे. निक्सन मात्र शेवटपर्यंत नाकारत राहिले.

मग जॉन्सन यांनी हे जाहीर का केले नाही? पुरावा मित्रदेशाच्या वकिलातीवर पाळत ठेवून मिळवलेला होता आणि तो दाखवायचा तर पाळतही कबूल करावी लागली असती. शिवाय निक्सन स्वतः त्यात आहेत हे दाखवणारा कागद त्या वेळी हाती नव्हता. आरोप करूनही निक्सन निवडून आलेच असते, तर नव्या अध्यक्षावर पहिल्याच दिवशी डाग लागला असता. ते कागद सल्लागार रोस्टो यांनी पाकीटबंद करून जॉन्सन यांच्या ग्रंथालयात ठेवले आणि ते १९९४ साली उघडले गेले. निक्सन सुमारे पाच लाख मतांनी जिंकले.

आता दुसरा प्रश्न. थिउ यांना कोणी सांगण्याची खरोखर गरज होती का? आमच्या मते नव्हती. राष्ट्रीय मुक्ती आघाडी, म्हणजे दक्षिणेतले कम्युनिस्ट बंडखोर, समोर बसली की तिला मान्यता मिळाल्यासारखे होते, ही त्यांची भीती खरी होती. डेमोक्रॅट उमेदवार हम्फ्री यांची भूमिका मवाळ होत चालली आहे, हे ते वर्तमानपत्रातही वाचू शकत होते. निवडणुकीनंतरही टेबलाच्या आकारावरून वाद चालला. अखेर जानेवारी १९६९मध्ये ठरले: मध्ये एक गोल टेबल, दोन विरुद्ध बाजूंना दोन छोटी आयताकृती टेबले, झेंडे नाहीत, नावाच्या पाट्या नाहीत. हा पोरखेळ वाटतो, पण टेबल चौकोनी की गोल यावरच बाजू चार (अमेरिका, सायगाव, हनोई आणि मुक्ती आघाडी) आहेत की दोन हे ठरत होते. त्यानंतरच्या वर्षांत वीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. व्हिएतनामी माणसे किती मेली ते लाखांतच मोजावे लागते. म्हणून हा प्रश्न आम्हाला निव्वळ अभ्यासाचा वाटत नाही.

सत्ताधारी पक्षच मतांसाठी घाईने तह करतो, असे होत नाही का? (मालवण)

होते, पण घाई नेहमी सत्ताधाऱ्याचीच असते असे नाही. मिरगाच्या तोंडावर घर शाकारायला माणसे शोधणाऱ्याची अडचण समोरच्याला बरोबर कळते आणि मजुरी वाढते. १९७२मध्ये मिरग हनोईचा होता. निक्सन पुन्हा निवडून आले की अधिक कठोर होतील, या हिशेबाने हनोईने ऑक्टोबरच्या आरंभी बरीच माघार घेतलेला मसुदा पुढे केला. आधी थिउ जावेत आणि मगच तह, ही अट त्यांनी सोडली. निक्सन इतके आघाडीवर होते की त्यांना मतांसाठी तहाची निकड नव्हती. त्यांच्या वतीने वाटाघाटी करणाऱ्या किसिंजर यांना होती. २६ ऑक्टोबरला ते ‘शांतता हाताशी आली आहे’ असे म्हणाले, पण थिउ यांनी ६९ दुरुस्त्या मागितल्या. मतदान झाले, डिसेंबरात हनोईवर बॉम्ब पडले आणि २७ जानेवारी १९७३ला सह्या झाल्या. अंतिम मजकूर ऑक्टोबरच्या मसुद्यापासून फार दूर नव्हता.

खरी चूक पुढची होती. तह मोडला तर अमेरिका पूर्ण ताकदीने उतरेल, असे निक्सन यांनी थिउ यांना खासगी पत्रांतून कळवले होते. ती पत्रे काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, कधी ठेवलीच नव्हती. काँग्रेसने १५ ऑगस्ट १९७३पासून त्या भागातली लष्करी कारवाई बंद करायला लावली. ३० एप्रिल १९७५ला सायगाव पडले. तेव्हा निवडणुकीआधी ‘तह झाला’ अशी बातमी आली की पाहायचे ते हे: कागदावर सही कोणाची आहे, कोणाची अजून राहिली आहे आणि तो पाळण्यासाठी लागणारा पैसा मंजूर करणाऱ्या सभागृहाने तो वाचला आहे का.

आपल्याकडे लोकसभा विसर्जित झालेली असताना युद्ध आले, तर तह करण्याचा अधिकार सरकारला असतो का? (रत्नागिरी)

असतो. ‘काळजीवाहू सरकार’ हा शब्द घटनेत नाही, तो संकेत आहे. १७ एप्रिल १९९९ला वाजपेयी सरकार एका मताने पडले, मेमध्ये कारगिलची लढाई उभी राहिली आणि मतदान सप्टेंबर-ऑक्टोबरात झाले. म्हणजे संपूर्ण लढाई लोकसभेविना झाली. राज्यसभा मात्र कधी विसर्जित होत नाही. तिचे खास अधिवेशन बोलवा, ही विरोधकांची मागणी होती, पण ते झाले नाही. आणीबाणी जाहीर असेल तर संसद कायद्याने लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्ष वाढवू शकते, पण तशी घोषणा कारगिलच्या वेळी नव्हती.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. करार करायला संसदेची परवानगी लागत नाही, पण भारताची जमीन द्यायची असेल तर घटनादुरुस्तीच हवी. पश्चिम बंगालमधल्या बेरुबारीचा भाग पाकिस्तानला देण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६०मध्ये हे सांगितले, आणि बांगलादेशबरोबरच्या भूभागांच्या अदलाबदलीसाठी २०१५ साली शंभरावी दुरुस्ती करावी लागली. उद्या प्रचारात कोणी ‘सरकारने जमीन गुपचूप देऊन टाकली’ असे म्हणाले, तर ती दुरुस्ती कुठे आहे हा पहिला प्रश्न विचारावा.

साळबाईच्या तहाने आमची वसई परत मिळाली. तरी नाना फडणीसांनी मंजुरी एवढी का लांबवली? (वसई)

पहिले इंग्रज-मराठा युद्ध संपवणारा हा तह १७ मे १७८२चा, पुण्याची मंजुरी डिसेंबरातली. वसई परत येणार होती, पण साष्टी इंग्रजांकडेच राहणार होती. दुसरे म्हणजे इंग्रजांशी लढणाऱ्या म्हैसूरच्या हैदर अलीशी पुण्याचा करार होता आणि या तहात त्याने जिंकलेला मुलूख परत करायला लावण्याचे कलम होते. हैदर लढत असेपर्यंत नानांच्या हाती एक पत्ता होता. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि तो पत्ता गेला. तिसरे कारण दरबारातले आहे. तहाला जामीन महादजी शिंदे होते, त्यामुळे तहाबरोबर त्यांचे वजनही वाढत होते. निवडणुका नव्हत्या, दरबार होता.

मुलगा मालवाहू जहाजावर आहे. युद्धविराम जाहीर झाला की तो समुद्र सुरक्षित झाला असे समजावे का? (गुहागर)

समजू नये. युद्धविराम म्हणजे गोळीबार थांबवणे, शस्त्रसंधी म्हणजे लेखी अटींवर लढाई थांबवणे, तह म्हणजे युद्ध संपवणे. कोरियात २७ जुलै १९५३ला शस्त्रसंधी झाली, तह आजतागायत नाही. काळ्या समुद्रातून धान्य नेण्याचा करार २२ जुलै २०२२ला इस्तंबूलमध्ये झाला, तेव्हा रशिया आणि युक्रेन यांनी एकमेकांबरोबर सही केली नाही. दोघांनी तुर्कस्तान आणि संयुक्त राष्ट्रांसोबत वेगवेगळ्या कागदांवर केली. दुसऱ्याच दिवशी ओडेसा बंदरावर क्षेपणास्त्रे पडली. तरी १ ऑगस्टला पहिले जहाज निघाले. मुदत १२० दिवसांची होती, ती वाढवत नेली आणि १७ जुलै २०२३ला करार संपला. सुटलेले सुरुंग कोणाच्या सहीची वाट पाहत नाहीत.

घोषणेपेक्षा विम्याकडे लक्ष ठेवा. धोक्याच्या समुद्रांची यादी लंडनच्या विमा बाजाराची एक समिती काढते. जहाज जाणार तो समुद्र त्या यादीत आहे तोवर कंपनी जादा हप्ता भरत असते, म्हणजे धोका तिलाही मान्य आहे. जहाज त्या भागात जाणार असेल तर मुलाला नोकरीच्या करारातले युद्धक्षेत्राचे कलम वाचायला सांगा. जायला नकार देता येतो का, नकार दिल्यास घरी परतण्याचा खर्च कोणाचा, त्या दिवसांचा जादा भत्ता किती आणि मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाई वाढते का, ही चार उत्तरे लेखी हवीत. अनेक आंतरराष्ट्रीय सामूहिक करारांत नकाराचा हक्क आहे, पण त्याचा करार त्यांपैकी आहे का, हे जहाजावर चढण्याआधीच पाहावे लागते. ज्या एजंटामार्फत तो गेला, त्याचा परवाना नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. बोट बंदरातून सुटल्यावर हे विचारायला उशीर झालेला असतो, म्हणून पुढच्या वेळी तो घरी येईल तेव्हा कराराची प्रत तुमच्याकडे ठेवून घ्या.