फॉर्मवरचं आईचं नाव

"मॅडम, आम्ही तिला काय कमी केलं?"

मंगलताई अजून खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या. पिशवी मांडीवर, पदराचं टोक बोटाला गुंडाळलेलं, आणि पहिलंच वाक्य हे. प्रतिपालक कुटुंबांसोबत, म्हणजे दुसऱ्याचं मूल दत्तक न घेता आपल्या घरी वाढवणाऱ्यांसोबत, काम करताना हे वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की त्याच्या पोटातलं पुढचं सगळं मला पाठ झालंय. पोर जन्मदात्यांबद्दल विचारायला लागली म्हणजे आमची माया कुठेतरी उणी पडली, आणि आता ती आम्हाला सोडून जाणार. दत्तक पालकही हेच विचारतात, फक्त थोडे आडून.

कुणी असं विचारलं की मी आरतीची गोष्ट सांगते. त्या गोष्टीत चूक मंगलताईंची नव्हती, माझी होती. (नावं बदलली आहेत, गावं सांगत नाही, एक-दोन तपशील मुद्दाम फिरवलेत.)

आरती नवव्या वर्षी एका बालगृहातून मंगलताईंच्या घरी आली. घरची पिठाची गिरणी, मुलगा पुण्यात नोकरीला. ती त्यांना मावशी आणि काका म्हणते. सरकारच्या बाल संगोपन योजनेचे महिन्याला २२५० रुपये येतात, आणि 'पैशासाठी ठेवलीय' असं म्हणणारं एक तरी घर आळीत असतंच. मंगलताई ते पैसे पोस्टात आरतीच्या नावावर टाकतात. हेही मला तिसऱ्या भेटीत कळलं, ते विषय निघाला म्हणून.

दहावीच्या वर्षी ऑगस्टमध्ये वर्गशिक्षकांनी बोर्डाच्या फॉर्मसाठी नावं ताडून बघायला घेतली. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आईचं नाव छापून येतं. सर वाचत होते, एकेक मूल 'हो सर' म्हणत होतं.

"आईचं नाव सुनीता. बरोबर?"

"नाही सर."

"मग काय?"

"माहीत नाही. पण सुनीता नाही."

वर्ग हसला. घरी आल्यावर मंगलताई म्हणाल्या, "माझं लाव की गं, त्यात काय एवढं!" त्यांनी ते प्रेमानेच म्हटलं होतं. आरती त्या रात्री जेवली नाही.

माझ्याकडे आली तेव्हा तिने गणिताच्या वहीचं मागचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. त्यावर निळ्या पेनाने काढलेली पाच टिंबं, चार बाजूंना चार आणि मधे एक. शेजारी पुन्हा तीच, खाली पुन्हा तीच. सगळं पान भरलेलं. "हे आईच्या हातावर होतं. गोंदलेलं." मग एकेक करत बाकीचं आलं. मळीचा वास. वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, भाऱ्यावर बसून बैलगाडीतून जाणं. पाचटाची कोपी, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांची झोपडी, आत शिरताना वाकायला लागायचं. ऊसतोडीच्या टोळीतलं पोर आहे हे कळायला मला फार विचार करावा लागला नाही. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली की दिवाळीच्या सुमाराला ते बिऱ्हाड उचलून कारखान्याच्या वाटेला लागतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततं. लहान पोरं एकतर सोबत फडात, नाहीतर गावी आजीजवळ.

सहाव्या वर्षी संस्थेत आलेल्या मुलीला एवढं आठवत होतं. आणि मी काय म्हटलं? "आठवणी सरमिसळ होतात गं. आधी दहावी होऊ दे, मग बघू."

हे वाक्य आपण सगळेच मुलांना येता-जाता ऐकवतो. मोबाइल दहावीनंतर, सहल दहावीनंतर. आई दहावीनंतर.

सप्टेंबरात एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आरती घरी आलीच नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दीडशे रुपयांत ती दोन गाड्या बदलून एका साखर कारखान्याच्या गावी पोचली. तो कारखाना का? तर बालगृहातली एक मोठी मुलगी एकदा म्हणाली होती, तुला तिकडून आणलं. कारखाना बंद, गेटवर कुलूप. हंगाम सुरू व्हायला महिना-दीड महिना होता. कोप्या पडतात ते माळरान तिने विचारत विचारत शोधलं. तिथे गुडघाभर गवत, आणि गवतात जागोजाग चुलीचे तीन-तीन दगड, अजून आतून काळे. ती एका चुलीपाशी बसून राहिली. परतीच्या गाडीत दप्तर, युनिफॉर्म आणि रडून सुजलेले डोळे बघून कंडक्टरबाईंनी घरचा नंबर काढून घेतला. रात्री साडेनऊला काका तिला स्टँडवरून घेऊन आले.

सोमवारी मी तिची माफी मागितली. तिला ते चमत्कारिक वाटलं असावं, कारण ती पहिल्यांदा हसली.

घाबरलेल्या काकांनी दरम्यान वेगळाच उपाय शोधला होता. आरतीचा फोटो आणि 'हिच्या नातेवाइकांना कोणी ओळखत असल्यास' असा मजकूर तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा. नशीब, आधी मला विचारलं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख अशी जाहीर करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ची बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षेचं सोडा, पण अशा मजकुरावर कोण कोण 'मामा' म्हणून उभं राहील याचा नेम नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण पालकांचा सगळा गोंधळ त्यातच असतो. दत्तक मुलांसाठी २०२२च्या दत्तक नियमावलीत मूळ शोधाची, म्हणजे जन्मदात्यांचा माग काढण्याची, तरतूद आहे. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी दत्तक पालकांसोबत मिळून करावा लागतो. आरती दत्तक नव्हती. प्रतिपालकत्वात मूल तुमच्या घरात वाढतं, पण त्याचे कायद्याने आईबाप बदलत नाहीत. म्हणूनच मंगलताईंचं नाव फॉर्मवर लावता येत नव्हतं, हे त्यांना सांगताना माझ्या जिवावर आलं होतं. उलट त्याच २०१५च्या बाल न्याय कायद्यातलं कलम ४४ असंच धरून चालतं की जन्मदाते असतील तर बाल कल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती, त्यांना मुलाला भेटू देऊ शकते. मुलाच्या हिताचं नसेल तर कारण नोंदवून नाकारू शकते. म्हणजे जन्मघराचा विषय काढून आरती काही वावगं करत नव्हती. ज्या व्यवस्थेत ती वाढत होती, त्या व्यवस्थेनेच तिच्या मूळ घराला जागा ठेवली होती. आम्ही मोठ्यांनी मात्र त्या जागेवर कपाट सरकवून ठेवलं होतं.

समितीकडे अर्ज दिला. आरतीने स्वतः लिहिला, चार ओळींचा. फाइल आधी मी एकटीने वाचली. मुलाच्या हातात फाइल थेट कधी देऊ नये, सरकारी कागद फार कोरडेपणाने घाव घालतात. पिवळी पडलेली पानं, टाचणीचा गंज, आणि आजीचा जबाब, खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. 'मयत सून कांता हीस तोडीच्या ठिकाणी ताप आला, दोन दिवस कोपीवर होती, दवाखान्यात नेताना वारली. मुलाने दुसरे लग्न केले. माझे वय झाले. नात सांभाळणे होत नाही.' त्यापुढच्या प्रवेश अर्जावर, बापाने दिलेल्या माहितीत, 'आईचे नाव' या रकान्यात सुनीता.

सुनीता ही बापाची दुसरी बायको. रकान्यात त्या दिवशी घरात जी आई होती तिचं नाव पडलं, आणि ते तसंच शाळेच्या जनरल रजिस्टरपर्यंत गेलं. सहा वर्षांची पोर बरोबर होती, कागद चूक होता. आणि मी कागदाची बाजू घेतली होती.

तीन बैठकींत हे तिला सांगितलं. तिसऱ्या बैठकीला मंगलताईंना सोबत बसवलं, आरतीला विचारूनच. आई कशी गेली हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे तिने नाही सोडलं मला." एवढ्यासाठीच ती नऊ वर्षं तळमळत होती. मंगलताईंनी तिचा हात धरला नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, नुसत्या शेजारी बसून राहिल्या. त्या क्षणी तेच योग्य होतं, आणि त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं.

पंधरा-सोळाव्या वर्षीच हे प्रश्न का उसळतात, असं पालक विचारतात. 'मी कोण' हा त्या वयाचा गाभ्याचा प्रश्न आहे हे मानसशास्त्रात ठसठशीतपणे मांडणारे एरिक एरिक्सन. त्यांना स्वतःचे जन्मदाते वडील कोण हे आयुष्यभर कळलं नाही. लहानपणी सावत्र वडीलच खरे वडील म्हणून सांगितले गेले होते. पुढे १९३९मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्यांनी एरिक्सन हे आडनाव स्वतःच घेतलं. मला ही गोष्ट पालकांना सांगायला आवडते. जन्माची गोष्ट नीट न कळलेला माणूस ती गोष्ट दुसरीकडे कुठेतरी शोधत राहतो. सगळेच काही मोठे शास्त्रज्ञ होत नाहीत, काहीजण एसटीत बसतात.

समितीने तिच्या मूळ जिल्ह्यातल्या बाल संरक्षण कक्षाला चौकशी करायला सांगितली. आरतीचा पहिला प्रश्न बापाबद्दल नव्हता, "आजी आहे का अजून?" असा होता. आजी तीन वर्षांपूर्वी गेली होती. बाप दोनदा निरोप जाऊनही आला नाही. कार्यकर्त्याला एवढंच म्हणाला, "चांगल्या घरी आहे ना? मग राहू द्या." हे तिला सांगावं की नाही यावर आमच्यात वाद झाला. मी सांगितलं. आरती म्हणाली, "म्हणजे विचारलं तरी त्यांनी." आपण मोठी माणसं मुलांच्या वतीने जे दुखून घेतो, ते मुलांना नेहमी तिथेच दुखतं असं नाही.

मामा मात्र आला. समितीच्या कार्यालयात, आमच्या सगळ्यांसमोर चाळीस मिनिटं. धुतलेला पांढरा सदरा, हाताला कोयत्याचे घट्टे. कांताचा फोटो नव्हता, कधी काढलाच नव्हता. आरतीने वही उघडून ते पान त्याच्यापुढे धरलं. त्याने टिंबांवरून बोट फिरवलं. "हे डाव्या हातावर. उजव्यावर विंचू होता. जत्रेत गोंदलं तवा किती रडली व्हती, मीच धरली व्हती तिला." आरतीने तिथल्या तिथे पेन दिलं आणि म्हणाली, काढून दाखवा. विंचू काही धड जमला नाही, खेकड्यासारखा दिसत होता.

सगळंच असं गोड झालं नाही. निघता निघता मामा म्हणाला, "आता सोळावं लागंल. आमच्यात एक चांगलं स्थळ हाय." समितीच्या सदस्य बाईंनी तिथेच थांबवलं आणि अठराच्या आधी लग्न हा गुन्हा आहे, हे त्याला कळेल अशा शब्दांत सांगितलं. त्याच्या मनात वाईट होतं असं मला वाटत नाही. त्याच्या वस्तीत पोरीची काळजी घेणं म्हणजे तेच असतं. पण अशा भेटी स्टँडवरच्या हॉटेलात परस्पर का उरकू नयेत, याचं उत्तर त्या एका वाक्यात आहे. पुढच्या भेटी समितीमार्फतच ठरल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे वाईट गेले. आरती दारं आपटायची, सहामाहीत गणितात आपटी खाल्ली, आणि एकदा मंगलताईंना 'तुम्ही माझ्या कोण?' असं म्हणाली. त्यांचा फोन आला, "बघा, मी म्हणत होते ना!" मी त्यांना म्हटलं, ज्या घरातून हाकलून देणार नाहीत याची खात्री असते, त्याच घरात पोरं दारं आपटतात. बालगृहात तिने कधी दार आपटलं नव्हतं. मी विचारलंय.

दरम्यान शाळेतली दुरुस्ती मार्गी लावायची होती. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधला बदल फार किचकट होऊन बसतो, म्हणून घाई. समितीचं पत्र आणि आजीच्या जबाबाची प्रत जोडून मुख्याध्यापकांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवला. काकांनी त्यासाठी गिरणी बंद ठेवून चार हेलपाटे घातले. फॉर्म भरायच्या शेवटच्या आठवड्यात मंजुरी आली. आईचे नाव: कांता.

फॉर्मची प्रिंट दाखवायला मायलेकी माझ्याकडे आल्या. मायलेकी हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. मंगलताईंनी प्रिंट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली होती, दुमडू नये म्हणून. आरती वहीवर काहीतरी गिरवत होती. पाच टिंबं होतीच, शेजारी विंचू, आता जरा विंचवासारखा.

"मावशी," तिने मान वर न करता विचारलं, "मी हे हातावर गोंदवून घेऊ?"

मंगलताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. "दहावी होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही तिघीही हसलो.