अमेरिकेतील कोणते राज्य महत्त्वाचे, आणि कोणासाठी?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्यात बारा वर्षे बँकांसाठी डेटा इंजिनिअरिंगचे काम केल्यावर आपल्याकडे कॅलिफोर्नियातील सॅन होजे, टेक्सासमधील डॅलसजवळचे प्लेनो आणि नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथून तीन प्रस्ताव आले आहेत. सोबत पत्नी आणि दहा वर्षांचा मुलगा असेल. आर्थिक आणि राजकीय दृष्ट्या यांतले सर्वांत महत्त्वाचे राज्य कोणते, हे कळले की तेथे जायचे, असा आपला विचार दिसतो. मी 2003 मध्ये न्यू जर्सीत आलो, अकरा वर्षे तेथे काढली आणि 2014 पासून नॉर्थ कॅरोलायनात राहतो. या दोन राज्यांकडे माझा थोडा ओढा असणार, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

आर्थिक बाजूचे उत्तर सोपे आहे. 2024 मध्ये कॅलिफोर्नियाचे सकल उत्पादन सुमारे 4.1 लाख कोटी डॉलर होते, म्हणजे देशाच्या साधारण 14 टक्के. भारताच्या अर्थव्यवस्थेत महाराष्ट्राचा वाटाही जवळपास तेवढाच आहे. त्याखालोखाल टेक्सास सुमारे 2.7, न्यूयॉर्क 2.3 आणि फ्लोरिडा 1.7 लाख कोटी डॉलर, तर नॉर्थ कॅरोलायना 0.8 लाख कोटींच्या आसपास. हे आकडे पाहून सॅन होजे निवडण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु राज्याच्या श्रीमंतीतले आपल्या ताटात किती पडते, हे या आकड्यांवरून कळत नाही. ते कळते एका वेगळ्याच गोष्टीवरून, आणि तिचा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

2009 च्या जानेवारीत मी काम करत असलेल्या कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला आणि आम्हाला तीन आठवड्यांची मुदत दिली. आज एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीसाठीच्या तात्पुरत्या व्हिसावर, असलेल्या माणसाची नोकरी गेली, तर दुसरा मालक शोधण्यासाठी जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. ती सवलत 2017 मध्ये आली. आमच्या वेळी तीही नव्हती. मंदी ऐन भरात होती, तरीही मला विसाव्या दिवशी काम मिळाले, आणि त्यात माझ्या हुशारीचा भाग थोडाच होता. मध्य न्यू जर्सीत मोटारीने अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूत औषध कंपन्या, विमा कंपन्या, दूरसंचार कंपन्या आणि नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या बँका अशी दाटी होती, त्यामुळे घर न हलवता आणि मुलीची शाळा न बदलता मला दुसरे दार ठोठावता आले. त्याच सुमारास आमच्या ओळखीचे एक कुटुंब मध्य-पश्चिमेतील एका लहान गावात होते. तेथे एकच मोठा कारखाना होता आणि तो बसल्यावर त्यांना सामान विकून परतावे लागले. तेव्हा आपल्यासारख्याने आर्थिक महत्त्व मोजायचे ते या मापाने: आपल्या कामाचे दुसरे, तिसरे आणि चौथे मालक घरापासून किती अंतरावर आहेत, आणि ते सगळे एकाच धंद्यातले आहेत की निरनिराळ्या?

या कसोटीवर सॅन होजे भक्कम उतरते. शिवाय तेथे एक जुना कायदा कर्मचाऱ्याच्या पाठीशी उभा आहे. 'नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार नाही' अशा अटी कॅलिफोर्नियात 1872 पासून जवळजवळ पूर्णपणे निरर्थक ठरतात, आणि सिलिकॉन व्हॅलीत माणसे इतक्या सहज कंपन्या बदलतात त्याचे हे एक मोठे कारण मानले जाते. टेक्सासमध्ये अशी अट वाजवी मर्यादेत असेल तर ती लागू होऊ शकते, म्हणून प्लेनोच्या करारपत्रातील तो परिच्छेद सही करण्यापूर्वी नीट वाचावा. शार्लटचे चित्र निराळे आहे. बँक ऑफ अमेरिका आणि ट्रुइस्ट यांची मुख्यालये तेथे आहेत, वेल्स फार्गोचे फार मोठे कार्यालय आहे, आणि आपल्या अनुभवाला ते शहर अगदी चपखल बसते. पण बँकांचा हात आखडतो तेव्हा तो बहुधा सगळ्यांचा एकदम आखडतो आणि साठ दिवसांचे घड्याळ अशाच वेळी चालू होते. प्लेनो आणि आसपासच्या पट्ट्यात जेपी मॉर्गनचा मोठा परिसर आहे, टोयोटाचे उत्तर अमेरिकेचे मुख्यालय आहे, आणि डॅलसमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स आहे. बँक, मोटार आणि चिप हे तिन्ही धंदे एकाच वेळी आजारी पडण्याचा संभव कमी.

आता राजकारण. येथे आपल्याला आकड्यांची सवय बदलावी लागेल. भारतात लोकसभेत महाराष्ट्राचे 48 सदस्य आहेत आणि राज्यसभेतही 19, कारण दोन्हीकडे लोकसंख्येचा विचार झाला आहे. अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या 435 जागा लोकसंख्येनुसार वाटल्या जातात, पण सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच. 2020 च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या 3 कोटी 95 लाख होती आणि वायोमिंगची 5 लाख 77 हजार, तरीही सिनेटमध्ये दोघांचे वजन समान. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत या दोन्हींची बेरीज धरली जाते, म्हणून राष्ट्राध्यक्ष ठरवणाऱ्या 538 इलेक्टोरल मतांपैकी (राजधानी वॉशिंग्टनची 3 धरून) कॅलिफोर्नियाची 54, टेक्सासची 40, नॉर्थ कॅरोलायनाची 16 आणि वायोमिंगची 3.

परंतु जास्त मते म्हणजे जास्त भाव, असेही होत नाही. मेन आणि नेब्रास्का वगळता सर्वत्र राज्यात जिंकणाऱ्याला सगळी इलेक्टोरल मते जातात, म्हणून ज्या राज्याचा निकाल आधीच ठाऊक आहे त्याच्याकडे उमेदवार देणग्या गोळा करण्यापुरतेच फिरकतात. मी न्यू जर्सीत होतो तेव्हा राष्ट्राध्यक्षाची निवडणूक दूरदर्शन संचावरच होत असे. नॉर्थ कॅरोलायनात आल्यावर सप्टेंबरपासून टपालपेटी पत्रकांनी भरू लागली, शनिवारी दारावर स्वयंसेवक आणि जेवताना फोन. 2008 मध्ये हे राज्य बराक ओबामांकडे सुमारे 14 हजार मतांनी गेले होते, त्यानंतर प्रत्येक वेळी रिपब्लिकन पक्षाकडे गेले, पण अंतर कधीच फार मोठे नव्हते. 2000 मध्ये फ्लोरिडातील 537 मतांनी सारा देश फिरवला आणि 2016 मध्ये मिशिगन, विस्कॉन्सिन व पेनसिल्व्हेनिया मिळून 80 हजारांहूनही कमी मतांनी. या अर्थाने आपल्या तीन पर्यायांत राजकीय दृष्ट्या सर्वांत 'महत्त्वाचे' राज्य शार्लटचे, आणि अर्थव्यवस्थेत ते तिसरे.

याचा आपल्याला उपयोग किती? मतदानापुरता बोलायचे तर पुष्कळ वर्षे काहीच नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्व, आणि नोकरीच्या वर्गांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक ग्रीन कार्डे सहसा येत नसल्यामुळे भारतीयांची रांग दशकाहून लांब आहे. माझा अर्ज 2006 मधला होता म्हणून 2011 मध्ये कार्ड आले आणि 2017 मध्ये नागरिकत्व; तो काळ आता राहिला नाही. ही देशनिहाय मर्यादा काढण्याचे विधेयक 2019 मध्ये प्रतिनिधिगृहाने 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर केले. सिनेटने 2020 च्या डिसेंबरात त्याची वेगळी आवृत्ती मंजूर केली, दोन्हींचा मेळ बसला नाही आणि सभागृहाची मुदत संपली. देशात सर्वाधिक भारतीय कॅलिफोर्नियात राहतात, पण त्यांच्यासाठी सिनेटमध्ये बोलू शकणारे तेथून दोघेच, शंभरांत. तेव्हा 'राजकीय दृष्ट्या बलवान राज्यात राहिलो तर व्हिसाचे काम सोपे होईल' अशी काही कल्पना असेल तर ती सोडून द्यावी. व्हिसा आणि ग्रीन कार्ड सर्वस्वी संघराज्य सरकारच्या हाती आहेत आणि रांग सगळीकडे एकच.

एक गंमत मात्र सांगतो. आपण मत देऊ शकणार नाही, पण आपले डोके मोजले जाईल. प्रतिनिधिगृहाच्या जागा नागरिकांच्या संख्येवर ठरत नाहीत, रहिवाशांच्या संख्येवर ठरतात, आणि त्यात व्हिसाधारकही येतात. 2020 च्या जनगणनेनंतर टेक्सासला दोन जागा वाढून मिळाल्या, नॉर्थ कॅरोलायनाला एक, आणि कॅलिफोर्नियाने इतिहासात प्रथमच एक जागा गमावली. न्यूयॉर्कची एक जागा तर केवळ 89 माणसे कमी पडल्यामुळे गेली. 2030 मध्ये आपण तिघे जेथे असाल, तेथील नेत्यांच्या हिशेबात तीन माणसे जमा होतील, मग त्यांना आपली मते पटोत वा न पटोत.

रोजच्या आयुष्याला भिडते ते राज्याच्या विधिमंडळाचे राजकारण, आणि त्याची बातमी भारतात पोहोचत नाही. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा आयकर नाही, परंतु घरावरील वार्षिक कर बाजारभावाच्या दीड ते दोन टक्क्यांपर्यंत जातो आणि तो दर वर्षी भरावा लागतो. कॅलिफोर्नियात आयकराचा वरचा दर 13.3 टक्के आहे. तो आपल्याला लागणार नाही, पण खालचे टप्पेही हलके नाहीत. 1978 च्या जनमताने तेथील घरपट्टीची वाढ बांधून ठेवली आहे, मात्र त्याचा खरा फायदा जुन्या घरमालकांना होतो, कारण सॅन होजेत साधे घरही दहा लाख डॉलरच्या पुढे जाते. नॉर्थ कॅरोलायनात 2025 मध्ये सरसकट सव्वाचार टक्के आयकर होता आणि 2026 साठी कायद्याने 3.99 टक्के ठरला. टेक्सासची वीजव्यवस्था देशाच्या जाळ्यापासून बरीचशी अलग आहे, त्यामुळे 2021 च्या फेब्रुवारीतील थंडीत लक्षावधी घरे दिवसच्या दिवस अंधारात राहिली. घर घेताना हे लक्षात असू द्यावे.

लहान राज्यांना कमी लेखू नये, हेही ओघाने सांगतो. डेलावेअरची लोकसंख्या जेमतेम दहा लाख, पण देशातील सर्वांत मोठ्या पाचशे कंपन्यांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक कंपन्यांची नोंदणी तेथे आहे, कारण कंपन्यांचे खटले ऐकणारे तेथील स्वतंत्र न्यायालय. साउथ डकोटाने 1980 च्या सुमारास व्याजदराची मर्यादा उठवली आणि सिटीबँकेने आपला क्रेडिट कार्डचा कारभार तेथे हलवला. येथे आल्यावर क्रेडिट कार्डाच्या कागदांवर सू फॉल्स या गावाचा पत्ता दिसला तर दचकू नका.

माझे मत विचाराल तर मी प्लेनो निवडीन. पत्नीला व्हिसामुळे काही वर्षे काम करता येण्याची शाश्वती नाही, आणि एका पगारावर सॅन होजेत तिघांचा संसार फार ओढाताणीचा होतो. तेथील पगार वीस-पंचवीस टक्क्यांनी जास्त असेल तरी माझे मत बदलणार नाही. शार्लटचा प्रस्ताव ग्रीन कार्डाचा अर्ज पहिल्याच वर्षी करण्याचे लेखी आश्वासन देत असेल, तर मात्र मी त्याचा विचार गांभीर्याने करीन. मुलगा 21 वर्षांचा झाला की आपल्यावर अवलंबून असलेला त्याचा व्हिसा संपतो, आणि आपल्या हातात अकराच वर्षे आहेत. त्याच्या कॉलेजची फी राज्यातील रहिवासी म्हणून लागेल की बाहेरचा म्हणून, यात वर्षाला हजारो डॉलरचा फरक पडतो. व्हिसाधारकांच्या मुलांसाठीचे त्या-त्या राज्याचे नियम सरकारी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आताच पाहून ठेवावेत.

आणखी एक गोष्ट कंपनीला लेखी विचारावी: अर्जात कामाचे ठिकाण म्हणून कोणते शहर लिहिले आहे. एच-वन-बी त्या परिसराशी बांधलेला असतो आणि पुढे दुसऱ्या महानगरात जायचे झाल्यास कंपनीला आधी सुधारित अर्ज भरावा लागतो. ऑफर प्लेनोची आणि अर्ज दुसऱ्याच शहराचा, असे प्रकार मी पाहिले आहेत.