स्मरणार्थ टीशर्टची पहिली ऑर्डर घेतोयस तर

भाऊ, आपल्याकडे अंत्यविधी काही तासांत होतो त्यामुळे त्याच दिवसासाठी टीशर्ट सहसा कोणी सांगत नाही, ऑर्डर येते ती दहाव्याला, वर्षश्राद्धाला नाहीतर पोरं मित्राच्या नावाने स्मृती चषक ठेवतात तेव्हा.

सगळ्यात आधी फोटो. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवला की क्वालिटी जाते आणि छातीवर मोठा केला की चेहरा फाटतो, म्हणून डॉक्युमेंट करून मागव. ग्रुप फोटोतून कापलास तर खांद्यावर दुसऱ्याचा हात राहिलाय का ते झूम करून बघ. आणि चेहरा गोरा गुळगुळीत करू नकोस रे, आईला तिचा मुलगा होता तसाच दिसला पाहिजे.

नाव, तारखा घरच्या एकाच माणसाकडून लिहून घे आणि प्रूफपण (छापण्याआधीचा नमुना) त्यालाच दाखव. कोरलची (CorelDRAW, डिझाइनचं सॉफ्टवेअर) फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं तुटतात, 'श्रद्धांजली'चाच विचका होतो, तेव्हा मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून, पाठव.

सब्लिमेशन (उष्णतेने शाई कापडात उतरवायची छपाई) फक्त पांढऱ्या किंवा फिक्या पॉलिस्टरवर, कॉटन किंवा काळा असेल तर डीटीएफ (फिल्मवर छापून ती कापडावर गरम प्रेस करायची). डीटीएफला आधी कापड नुसतं प्रेस करून ओल काढ. कोल्ड पील (गार झाल्यावर सोलायची) फिल्म असेल तर पूर्ण गार होऊ दे, घाईत ओढलीस की बारीक अक्षरं उचलतात.

दोन-तीन टीशर्ट जास्तीचे छाप, मामा-काका नंतर हमखास मागतात.