मराठी टाइप करण्यासाठी वेगळा कीबोर्ड घ्यावा लागतो का? आणि माउसचा डबल क्लिक जमत नसेल तर काय करावं?

वेगळा कीबोर्ड घेऊ नका. तुमच्याकडे इंग्रजी अक्षरांचा जो साधा कीबोर्ड आहे, त्यावरच मराठी उत्तम लिहिता येतं.

कीबोर्डला मुळात अक्षर कळतच नाही. बटण दाबलं की कोणतं बटण दाबलं गेलं, एवढंच तो संगणकाला कळवतो. त्याचं इंग्रजी ‘के’ करायचं की मराठी ‘क’, हे विंडोज ठरवतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन इथे जाऊन मराठी जोडा. मग विंडोजचं बटण दाबून धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारी फोनेटिक पद्धतही आहे. पण तुम्ही नव्याने शिकताय, जुनी सवय मोडायची नाही, तर इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची बटणांची मांडणीच शिका, असं मी आग्रहाने सांगेन. १९९१ च्या भारतीय मानकात असलेली ही मांडणी आपल्या वर्णमालेला धरून आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘के’वर क, शिफ्ट धरून तेच दाबलं की ख. ‘आय’वर ग, शिफ्टसह घ. अक्षराचा पाय मोडायला ‘डी’. म्हणजे ‘प्र’ हवा असेल तर एच, डी, जे: प, पाय मोडला, र. ‘कमल’ तर नुसत्या तीन बटणांत होतं: के, सी, एन. शिवाय पुढे कधी गुजराती किंवा बंगाली लिहायची वेळ आली, तरी क तिथेच सापडतो.

‘एफ’ आणि ‘जे’ या बटणांवर बारीक उंचवटा असतो, बोटाला लागतो. दोन्ही तर्जन्या तिथे ठेवून सुरुवात करा.

डबल क्लिकसाठी जिवाला त्रास करून घेऊ नका. फाइलवर एकदाच क्लिक करा आणि एंटर दाबा, ती उघडते. लॅपटॉप असेल तर टचपॅडवर भागतं, पण शिकताना माउस सोपा जातो. कुठलाही साधा चालेल.

कोणतं अक्षर कुठे आहे ते आठवत नसेल, तर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्ड उघडतो आणि मराठी निवडलेली असेल तर त्यावर मराठी अक्षरं दिसतात. शिफ्ट दाबून ख, घ, थ कुठे आहेत तेही बघून घ्या.