एनप्रॉकची (एका युजरच्या प्रोसेसच्या संख्येवरची) मर्यादा २०० असताना २०३ प्रोसेस कशा चालतात? लिनक्स कर्नलच्या फोर्कमध्ये (नवी प्रोसेस तयार करण्यात) रेस कंडिशन, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या क्रमावर निकाल बदलण्याची चूक, आहे का?

हो, आहे. ६४ कोअरचं मशीन, कर्नल ४.१८ आणि लोड वाढल्यावरच मर्यादा ओलांडली जाते, एवढं तुम्ही दिलंय, तेवढं पुरेसं आहे. पण ‘इतक्या जुन्या कोडमध्ये असं कसं राहील, व्यवहारात हे होत नसेल ना?’ हे तुमचं वाक्य वाचून उत्तर लिहायला बसलो.

त्या कर्नलमध्ये कॉपी_प्रोसेस हे फोर्कचं फंक्शन आधी युजरच्या प्रोसेसचा आकडा वाचतं, मर्यादेशी ताडतं आणि आकडा वाढतो त्यानंतर, कॉपी_क्रेड्समध्ये. वाचणं अटॉमिक (मध्ये कुणी घुसू शकत नाही असं), वाढवणंही अटॉमिक. मधली जागा उघडी. चार कोअरनी एकदम १९९ वाचलं की चौघेही पास, आणि आकडा २०३. मशीनवरच्या एकूण थ्रेड्सच्या मर्यादेपाशी तर कर्नलवाल्यांनी कोडमध्येच लिहून ठेवलंय की अनेक जण एकाच वेळी आत असतील तर ही तपासणी उशिरा लागते, आणि त्याने बिघडत नाही, कारण ती फक्त रूटचे (सर्वाधिकारी युजरचे) फोर्क बॉम्ब, म्हणजे न थांबता फोर्क करत सुटणारे प्रोग्राम, थांबवायला आहे. जाणीवपूर्वक सोडलंय आणि कारण दिलंय. त्यावर माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती न बघता सोडणाऱ्यांवर. हिंजवडीत एका स्टोरेज कंपनीत असताना आमचं एक मॉड्यूल दर प्रोसेसमागे बफर मोजायचं. रचना हीच: आधी तपास, मग वाढ. रिव्ह्यूमध्ये मी अडवलं. लीड म्हणाला, “अरे, चार इन्स्ट्रक्शनची फट आहे. लाखात एकदा होईल.” म्हटलं, “सर, ग्राहकाचं मशीन लाख फोर्क जेवणाच्या सुट्टीत करतं.” मग मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. पालक पाइप उघडतो, सगळी पोरं (त्याने फोर्क केलेल्या प्रोसेस) आपल्याकडचं लिहिण्याचं टोक बंद करून त्यावर रीड करत थांबतात, पालक लिहिण्याचं टोक बंद करतो, सगळ्यांचा रीड एकदम शून्य घेऊन परततो आणि सगळे एकदम फोर्क करतात. टर्मिनलवर आकडा मर्यादेच्या वर गेलेला सगळ्या टीमने बघितला. लीडचं उत्तर: “असं मुद्दाम कोण करतं?” समांतर मेक (एकाच वेळी अनेक फाइली कंपाइल करणारा बिल्ड) चालवणारा प्रत्येक जण करतो! प्रत्येक जीसीसी कंपायलर पुढे स्वतः फोर्क करतो.

मी मागत होतो ते एवढंच: आधी वाढवा, वाढवून हाती आलेला आकडा तपासा, जास्त असेल तर परत कमी करा. आणि फोर्क पुढे कुठेही फसला तरी कमी करा. कॉपी_प्रोसेसच्या शेवटी बॅड_फोर्कची लेबलं उलट्या क्रमाने रचलेली आहेत ती याचसाठी: जे जे घेतलं ते मागून पुढे परत करत यायचं. लीडच्या कोडमध्ये मेमरी मिळाली नाही की आकडा तसाच अडकून राहायचा. शेवटी ग्राहकाकडे एका रात्री प्रोसेस शून्य आणि आकडा मर्यादेवर, नवीन काही सुरूच होईना. रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, ‘ग्राहकाकडील असाधारण लोड’. ते मला आजही मान्य नाही.

मेनलाइनमध्ये (लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये) २०२१ च्या ५.१४ मध्ये हा हिशेब यूकाउंट्स या मोजणीच्या यंत्रणेकडे गेला तेव्हा तुलनेतलं बरोबरचं चिन्ह निसटलं आणि एक प्रोसेस जास्त चालू लागली. २०२२ च्या सुरुवातीला दुरुस्ती झाली ती वाढ तपासणीच्या आधी आणून. कारण रेसचं नव्हतं, हे मान्य. पण क्रम तोच. तिथेही वाढवणं आणि वाचणं वेगळं असल्याने जागा एक असताना दोघंही नाकारले जाऊ शकतात. चालेल. नाकारलेला पुन्हा प्रयत्न करतो, मर्यादा तरी मोडत नाही.

तुम्ही पिड्स सीग्रुप (प्रोसेसच्या गटावर मर्यादा लावणारी कर्नलची सोय) वापरा. ४.३ पासून आहे, आधी आकारून मग तपासतो. सिस्टमडीत (मशीनवरच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) टास्क्समॅक्स ही सेटिंग लावलीत की झालं.

हे मात्र बघून घ्या: एनप्रॉकमध्ये थ्रेड्सही मोजले जातात. रूटला मर्यादा लागत नाही. मोजणी युजरची असली तरी मर्यादा प्रत्येक प्रोसेसची आपापली असते, त्यामुळे तुम्ही ती बदलण्याआधी उघडलेली सेशन्स जुन्याच आकड्यावर फोर्क करत राहतात. शिवाय पीएस ही प्रोसेसची यादी देणारी कमांड प्रॉक या कर्नलच्या फाइलींमधून एकेक नोंद वाचते, तिचा आकडा एका क्षणाचा नसतो. पिड्सच्या करंट फाइलवर विश्वास ठेवा. आणि तुमचा सीनियर ‘व्यवहारात होत नाही’ म्हणाला, तर वरचा पाइपवाला प्रोग्राम त्याच्याच मशीनवर, त्याच्यासमोर चालवा.