आउटपुट ट्रान्झिस्टर वारंवार का जळतो?

प्रश्न : आमच्या जुन्या २१ इंची पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतील हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर महिन्याभरात तीनदा जळाला. काय तपासावे? – एक वाचक, परभणी

उत्तर : हा ट्रान्झिस्टर (पडद्यावर आडव्या रेघा ओढणाऱ्या सर्किटचा मुख्य स्विच) सहसा दुसऱ्याच भागाच्या दोषामुळे जळतो. त्यामुळे चौथा बसवण्याआधी त्याच्या कलेक्टरला (तीन टोकांपैकी एक) जोडलेला उच्च दाबाचा कपॅसिटर आवर्जून बदलावा, कारण त्याची क्षमता घटली की कलेक्टरवरील व्होल्टेजचा झटका सहनशक्तीपलीकडे जातो. पॉवर सप्लायमधील सुकलेल्या कपॅसिटरमुळेही मुख्य डीसी व्होल्टेज वाढू शकते. ते सर्किट डायग्रामशी ताडून पाहावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आधीच तापलेल्या सेटमध्ये ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरचे (या ट्रान्झिस्टरला चालना देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) सोल्डरचे टाके तडकलेले असू शकतात, तेही नव्याने घ्यावेत. एवढे करूनही ट्रान्झिस्टर तापत असेल, तर मला एलओटीचाच (ट्यूबसाठी उच्च दाब तयार करणारा लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर) संशय येतो. पहिली चाचणी मात्र सिरीज बल्ब (सेटच्या वीजपुरवठ्याच्या वाटेत जोडलेला, जादा प्रवाह रोखणारा बल्ब) लावूनच घ्यावी. आणि सेट बंद केल्यावरही ट्यूबवर उच्च दाबाचा विद्युतभार राहतो, म्हणून हे काम कृपया जाणकाराकडूनच करून घ्यावे.